फळीला कळलेली थरथर

या मित्रांनो, थोडे जवळ सरकून बसा. लाकूड बोलत नाही म्हणतात. पण ज्याच्या अंगावर लेकरे बसून रडली, त्याला देव वाचा देतोच. एक गोष्ट सांगते.

मी एक जुनी फळी आहे. एका सुताराने दाराच्या उरलेल्या तुकड्यातून मला कापले, रंधा मारला आणि सलूनवाल्या काकांना दिले. मोठ्यांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर मला आडवे टाकायचे नि वर पोराला बसवायचे, म्हणजे त्याचे डोके कात्रीच्या उंचीला येते. "फळीवर बसेल तो राजा," असे काका म्हणत, आणि मलाही उगीच सिंहासन झाल्यासारखे वाटे.

एकदा एका मामाने आपल्या चार वर्षांच्या भाचीला उचलून आणले. घरात तिच्या केसांचा गुंता सोडवणारे कोणी नव्हते. पोरीने मला लाथा हाणल्या, कंगवा भिरकावला, आणि ती काकांच्या मनगटाला कडकडून चावली.

"लाडावून ठेवलीय नुसती," म्हणत मामाने हात उगारला.

"मामा, हात खाली घ्या. इथे कात्री चालते, हात नाही," काका म्हणाले. "आणि चावली मला आहे. रागवायचं तर मी रागवेन."

खरे सांगू? तिचे पाय सारखे थरथरत होते. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? काकांनी मात्र तिची नजर पकडली. ती कात्रीकडे बघतच नव्हती. खाली पडलेल्या, आधीच्या गिऱ्हाइकाच्या केसांकडे बघत होती. काकांनी कात्री खणात ठेवली, तिला उतरवले आणि जमिनीवरच मांडी ठोकली.

"या केसांना घाबरलीस होय गं, बाळा?"

ती पुटपुटली, "आईचे असेच पडले. मग तिला दवाखान्यात नेलं. मला नाही जायचं."

मामा बाकावर टेकला. "औषधानं गळले हो तिचे. आम्ही हिच्यापासून लपवलं. म्हटलं, लहान आहे, हिला काय कळतंय."

"कळतंय हो. अर्धवट कळतंय, म्हणून तर चावते," काका म्हणाले. "आज केस राहू द्या. हिला आधी आईला भेटवून आणा."

आठवड्याने ती परत आली. "आईचे केस पुन्हा येणार आहेत. तिनंच सांगितलं," असे काकांना बजावून ती स्वतःच माझ्यावर चढली. कात्री वाजली तेव्हा पाय जरा थरथरलेच. पण मामाचे बोट हातात होते, तेवढ्यावर निभावले.

आता वरखाली होणाऱ्या खुर्च्या आल्या. मी कोपऱ्यात धूळ खात पडले आहे. तक्रार नाही. मित्रांनो, मागणे एवढेच, की धाकटे भावंड आदळआपट करू लागले, तर आधी त्याच्या शेजारी खाली बसा आणि कशाची भीती वाटते ते विचारा. आणि देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या पोरीच्या आईची आठवण ठेवा. ती घरी आली की नाही, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.