आत्याच्या जिभेवरचं लोखंड

देवाशप्पथ, डोळ्यांची शप्पथ, माझ्या उरलेल्या तीन दातांची शप्पथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे!

आत्या चहाच्या कारखान्यात चव घ्यायच्या कामाला. रोज दोनशे पेले. फुर्रकन भुरका, जिभेवर घोळवायचं, की पिचकारी. पानं कधी खुडली, कुठली पेटी ओलसर राहिली, सगळं डोळे मिटून सांगायची. एकदा तर खुडणारीला सर्दी होती हेही सांगितलं!

तिची बहीण गेली आणि आत्याची झोप उडाली. मनाच्या डॉक्टरांनी गोळी दिली. झोप आली, पण पंधरा दिवसांत पेल्यापेल्याला गंजक्या लोखंडाची चव यायला लागली.

"चहात कुणीतरी काहीतरी घालतंय," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर न करता फायलीत लिहिलं, 'संशयी'. एका गोळीच्या दोन झाल्या. लोखंडही दुप्पट झालं.

मग काय, आत्या सगळ्यांकडेच तिरकं बघायला लागली. पेले विसळणाऱ्या बाईकडे, घरात भावजयीकडेसुद्धा.

"वन्सं, मला विष घालायचंच असतं ना, तर आधी तुमच्या भावाला घातलं असतं!" भावजय फणकारली.

तिकडे कारखान्याच्या साहेबांनी बजावलं, "सोमवारी जीभ ठिकाणावर नसेल, तर खुर्ची दुसरीला."

रविवारी आत्यानं ओट्यावर सात पेले मांडले. दोन पेल्यांमध्ये कोमट पाण्यानं चूळ भरायची, ही कामाची सवय. कारखान्यात चुळीतली चव मागच्या पेल्याची वाटायची; आज पहिल्या पेल्याआधीच चूळ भरली आणि ती थबकली. पाण्यालाही लोखंड! रिकाम्या तोंडालाही लोखंड! म्हणजे चोर पेल्यात नव्हताच.

"वन्सं, ती गोळी?" भावजयीनं खोक्यातला घडीचा कागद उलगडला. बारीक अक्षरात होतं, 'काहींना तोंडात धातूची चव जाणवते.'

सोमवारी उजाडताच दोघी दवाखान्यात.

"आता औषधावरही संशय?" डॉक्टरांचं पेन फायलीकडे निघालं.

आत्यानं कागद थेट फायलीवर ठेवला. "लिहायच्या आधी वाचा."

डॉक्टरांनी वाचलं. चष्मा काढला. "चुकलं माझं," म्हणाले. साहेबांना चिठ्ठी दिली, गोळी हळूहळू कमी केली, दुसरी दिली. साहेबांनी खुर्ची राखली. दीड महिन्यात चहाला चहाची चव आली.

फायलीतला शब्द मात्र कुणी खोडला नाही. "असू दे," आत्या म्हणते, "संशय घ्यायचाच तर पगार मिळतो मला."

सगळं खरं हं! फक्त डॉक्टर 'चुकलं माझं' म्हणाले, तेवढं मी पदरचं घातलं.