रिकाम्या गावातला माड

जामसंड्याच्या शाळेत मथुरा जीवशास्त्र शिकवायची, आणि पालकसभेत तिचं एक भाषण ठरलेलंच असायचं. या वयात पोरांच्या डोक्यात हौसेचं पाणी आधी सुटतं आणि बांध मागाहून घातला जातो, तोही पार पंचविशीपर्यंत. त्यात चार दोस्त बघत असले तर मग विचारूच नका. तेव्हा रागावू नका, समजून घ्या, असं ती सांगायची. पालक माना डोलवायचे आणि घरी जाऊन पोरांना झोडायचे.

आपली समीक्षा मात्र तशी नाही, असं मथुराला वाटायचं. आईच ती, वाटणारच.

त्या वर्षी मथुराच्या माहेरी गावपळण होती. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खं गाव गुराकोंबड्यांसकट शीव ओलांडतं आणि व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहतं. गाव मागे मोकळं सोडायचं. देवाने परत बोलावेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. मथुराने एकही गावपळण चुकवली नव्हती. गवताच्या झोपडीत आडवं झालं, शेजारच्या चुलीवरच्या कुळथाच्या पिठीचा वास आला की पन्नाशी कुठच्या कुठे पळायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायची हाक मारली तरी समीक्षाचा पत्ता नव्हता. तिची मैत्रीण संचिता व्हाळाकडे तोंड करून उभी, हातात स्वतःचा फोन आणि समीक्षाचाही. आधी म्हणाली, माहीत नाही. मग रडायलाच लागली. पोरींमध्ये पैज लागली होती. रिकाम्या गावात जायचं आणि काशीबाईच्या माडावरून शहाळं काढून आणायचं. समीक्षा हसत गेली होती, तिला जाऊन बराच वेळ झाला होता.

रीत अशी की आधी गावच्या मानकऱ्याला, सदानंद गावकरांना, सांगायचं. मग माणसं जमणार, देवाला विचारणार, त्याचं उत्तर येणार. मथुराने संचिताला झोपडीत पिटाळलं, कोणी बघत नाहीसं पाहून केवड्याच्या बनाआड गेली, साडी खोचली आणि व्हाळात उतरली. भाषणातलं एक अक्षर तिला आठवलं नाही.

गाव गप्प होतं. दारं लावलेली, धूर नाही, कोंबडा नाही. ती पंधराची असताना अशीच एकदा आत आली होती, नुसती विहिरीवरची एक कळशी पाणी काढायला. व्हाळापलीकडून तिची मैत्रीण सीता बघत होती म्हणून. तेव्हा वाटलं होतं, हे सगळं गाव माझं एकटीचं. तसं पुन्हा कधी वाटलंच नाही, ना नोकरी लागली तेव्हा, ना घर बांधलं तेव्हा. ती मुलगी तिला फार आवडायची. आज मात्र त्याच शांततेत तिने पावलं भराभर उचलली. इथे कोणी पडलं तर धावून येणार कोण?

समीक्षा माडाला मिठी मारून होती, काशीबाईच्या कौलांच्याही वर. वर जाता येईना, खाली उतरवेना.

मथुरा बुंध्याशी धावली आणि जी सुरू झाली! डावा पाय खाली घे, नाही, उजवा, त्या खाचेत टेकव, खाली बघू नको. समीक्षाचा पाय खाचेतून निसटला. कशीबशी सावरली.

"आई, तू बघू नको," ती वरून म्हणाली. आवाज फाटला होता. "तू बघलंस की माझे पाय कापतत. पाठ फिरव."

पोटची पोर माडावर लटकलेली आणि आईने पाठ फिरवायची! पण त्या पोरींच्या नजरांनीच तर तिला वर चढवलं होतं. आता आणखी एक नजर तिला पेलत नव्हती.

"बरा," मथुरा म्हणाली. "मी बघूचंय नाय."

तिने तोंड फिरवलं. मागे साल खरवडल्याचा आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा खरवड. आणि तिला तिचे बाबा दिसले. कळशी काढून ती परत आली तेव्हा ते व्हाळात बैल धूत होते, तिच्याकडे पाठ करून. बाबांनी बघितलंच नाही, असं ती सीतेला नाचून सांगत सुटली होती. एवढी वर्षं तिला तेच खरं वाटत आलं होतं. बाबा, तुम्ही कसे हो उभे राहिलात तिथे?

धप्प आवाज झाला. मथुरा वळली. समीक्षा बुंध्याशी बसली होती, गुडघे सोललेले, हात रक्ताळलेले, पण धड. मथुराने तिला अशी काही कवटाळली की पोर कळवळली. एक चपराक द्यायची फार इच्छा होती, ती राहूनच गेली.

व्हाळ जवळ आला तशी समीक्षा घुटमळली. हात रिकामेच होते, शिवाय आई न्यायला आलेली. पोरी जन्मभर हसणार, असं ती पुटपुटली.

"फुडे हो," मथुरा म्हणाली. "एकटी गेलंस, एकटी इलंस. मी खंयच नव्हतंय."

समीक्षाने तिच्याकडे नीट बघितलं, डोळे पुसले आणि व्हाळात उतरली. पलीकडून पोरींचा गलका ऐकू आला. मथुरा गावाकडच्या काठावरच्या केवड्याआड थांबली. ती तिथेच दरडीवर बसून हमसाहमशी रडली, आणि तोंड धुऊन, सगळ्यांची पांगापांग झाल्यावरच परत गेली.