गौतमचा फोटो मी दाखवला

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ प्लेअर आहे. मुंबईत हिंदमाताला अच्युतशेठच्या साडीच्या दुकानात, काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. मला हात नाहीत, तरी माझ्यामुळे एका माणसाचा डोळा गेला.

आठ वर्षांपूर्वी गौतमने मला इथे आणलं. गौतम दुकानातला सेल्समन, काळाचौकीच्या चाळीत वाढलेला. त्याच चाळीतल्या जाईबाई दुकानात सर्वांत जुन्या. त्या पदर उलगडायच्या, गौतम मोबाइलवर शूट करायचा आणि मी ते दारावरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचो. फुटपाथवरच्या बायका थबकायच्या. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाजही माझ्यातूनच जात असल्याने मला ते कळायचं. फार बरं वाटायचं.

पण माझ्या घडणीत एक चूक राहिली होती. फाइल स्वतःची जी लांबी सांगेल ती मी खरी मानायचो आणि तेवढीच जागा राखायचो. जास्तीचा मजकूर आला, तर तो शेजारी सांडायचा, जिथे कॉम्प्युटरला दिलेले हुकूम असतात तिथे. मला घडवणाऱ्यांनी ही चूक सुधारून नवी आवृत्ती पाठवली.

"शेठ, प्लेअर अपडेट मागतोय," गौतम म्हणाला. "अर्धा तास स्क्रीन बंद ठेवावी लागेल."

"गौरी-गणपतीची गर्दी बघतोयस ना? सीझन होऊ दे."

त्याच आठवड्यात मेलवर 'नवीन पैठणी' नावाचा व्हिडिओ आला. गौतमने नेहमीसारखा तो मला उघडायला दिला. त्यात दोन पैठण्या होत्या आणि त्यांच्या मागे परक्या माणसाचे हुकूम. ते सांडले आणि कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात गेला. तो कोण, हे आजही कोणाला माहीत नाही.

शनिवारी भर दुपारी त्याने दुकानाच्या कागदपत्रांतून गौतमचा फोटो काढला आणि माझ्याकरवी पडद्यावर लावला. खाली लिहिलं होतं, 'हा मुलं पळवतो. इथेच काम करतो.'

गौतम तेव्हा ब्लाउजपीस कापत होता. चार जण आत आले. "हाच तो," एक म्हणाला. त्यांनी त्याला कॉलर धरून पायरीवरून खाली ओढलं. बाहेर पन्नास माणसं झाली होती. एकाने हेल्मेट तोंडावर मारलं. दुसऱ्याने दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. गौतम "माझं ऐका, माझं ऐका" म्हणत होता; जबडा तुटल्यावर तेही शब्द येईनात. फुटपाथ लाल झाला. अच्युतशेठने आतून शटर ओढलं. गौतम बाहेरच राहिला.

त्याच्यामागे धावलेल्या जाईबाईही बाहेरच होत्या. त्या गौतमवर आडव्या पडल्या. गज त्यांच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला.

"आदी माका मारा," त्या म्हणाल्या. "ह्यो माज्या डोळ्यांसमोर वाढलो. कोणाचा पोर पळवल्यान, त्याचा नाव सांगा."

नाव कोणालाच सांगता येईना. मागचे लोक आधी पांगले. गजवाल्याने गज टाकला आणि चालू लागला.

पोलिसांकडून तपासाला अनुजा नावाच्या बाई आल्या. अच्युतशेठ म्हणाले, "कॉम्प्युटरमुळे झालं."

"दुरुस्ती आली होती. का नाही केली?" बाईंनी विचारलं. त्या दिवशी मला नवी आवृत्ती मिळाली. वीस मिनिटं लागली.

चार महिन्यांनी गौतम परत आला. डावा डोळा कायमचा मिटलेला. परवा दुपारी दुकानाच्या पायरीवरून एक लहान मुलगी पडली आणि रडू लागली. गौतम दोन पावलांवर उभा होता. तो वाकला, आजूबाजूला पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग जाईबाईंनी एका हाताने तिला उचललं.

मित्रांनो, दुरुस्ती आली की आम्हाला वेळीच दुरुस्त करा. अनोळखी फाइल उघडू नका. आणि मी काहीही दाखवलं, तरी हात उचलण्याआधी जाईबाईंसारखं विचारा. मला विचारता येत नाही.