चिंचेची हरकत

"आण्णा, आज बी पडली की वो," विनोद म्हणाला.

रवळूनं ते फाटकातूनच पाहिलं होतं. काल संध्याकाळी चिंचेच्या बुंध्याला टेकवलेली कुऱ्हाड जमिनीवर आडवी होती आणि तिचं पातं ताराबाईच्या दाराकडे वळलं होतं. ओळीनं तिसरी सकाळ. वारा नव्हता. कुऱ्हाडीशेजारी झाडाला वाहिलेल्या चिमूटभर तांदळाला मुंगीसुद्धा शिवली नव्हती.

ही रवळूच्या घराण्याची रीत. आदल्या संध्याकाळी कुऱ्हाड झाडाला टेकवायची. सकाळी उभी दिसली तर झाडाचा होकार, पडली तर नकार. चाळीस वर्षं त्यानं महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही अंगांना झाडं पाडली होती आणि दोन्हीकडचे नियम त्याला एखाद्या वकिलासारखे पाठ होते.

"कागलात बरं हाय," तो म्हणाला. "झाडावर कागद लावत्यात. सात दिस लोकांची हरकत मागत्यात. हितं निपाणीत बुंध्यावर तांबडा आकडा घातला की झालं."

"कागद शेरडं खात्यात तिकडं." विनोद हसला. तो रस्त्याच्या कामावरचा मुकादम. "रस्ता रुंद व्हायचाय. परवानगी हाय, वैनींची सही बी हाय. कुऱ्हाडीचं किती दिस ऐकायचं?"

ताराबाई दारात येऊन उभी होती. तिचा नवरा भरमा आयुष्यभर रवळूच्या करवतीचं दुसरं टोक धरत आला. बारा वर्षांपूर्वी याच चिंचेची फांदी उतरवताना तो पडला आणि उठलाच नाही.

"पाडा की भावजी," ती म्हणाली. "हो म्हणून दगा दिला ह्या झाडानं. लई वाट बघितली म्या ह्या दिसाची."

रवळू खाली वाकला, पण कुऱ्हाडीला त्याचा हात लागेना. ते पातं दाराकडे का वळतं, हे त्याला पहिल्याच सकाळी कळलं होतं. तीन दिवस तो भ्याला होता, आणि झाडाला भ्याला नव्हता.

"वैनी, त्यानं दगा दिला न्हाय," तो म्हणाला. "त्या दिशी बी कुऱ्हाड पडलती. भरमा यायच्या आदी म्या उचलून उभी केली. दुपारी कागलात दुसरं काम धरलंतं."

ताराबाईनं रवळूकडे पाहिलंच नाही. ती बारा वर्षं ज्या झाडाला शिव्या देत आली होती, त्याच्याकडे बघत राहिली. मग अंगणात उतरली, कुऱ्हाड उचलली आणि स्वतःच्या हातानं बुंध्याला टेकवली.

तिघेही बघत होते. कुऱ्हाड हलली नाही.

"हां, उभी ऱ्हायली," विनोद पुटपुटला. "आता लावूया करवत."

ताराबाई घरात गेली आणि पोतं घेऊन आली. ते बुंध्याशी अंथरून, लाल आकड्याला पाठ टेकून ती बसली.

"भावजी, कागलात किती दिस म्हणलासा?"

"सात," रवळू म्हणाला.

"मग आजपास्नं मोजा. माझी हरकत हाय."

उन्हं अंगणात आली. रवळू फाटकाबाहेर उकिडवा बसून राहिला. आत ताराबाईच्या खांद्याला लागून कुऱ्हाड सरळ उभी होती.