नव्या दुकानातले तांदूळ

सायकलची घंटा वठाराच्या तोंडाशी वाजली तेव्हा शालनचा हात तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत गेला होता. पिंप तळाला गेले की हात असाच खोल घालावा लागतो. तिने मूठ भरली, वर काढली आणि देवाच्या फळीखालच्या पितळी डब्यावर नेऊन थांबली. मग बोटे सैल केली. निम्मे तांदूळ परत पिंपात पडले. उरलेले डब्यात टाकून तिने झाकण लावले आणि फळीवरच्या विठोबाकडे न बघताच डबा उचलला.

रोज भाताचे तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ पितळी डब्यात टाकायची, हा त्या घरचा नेम. तो तिच्या सासूबाईंनी, भागीरथीबाईंनी घालून दिलेला. त्यांच्या समाजातल्या बहुतेक घरांत असा एक डबा असे. दर एकादशीला समाजाच्या मंदिरातून हरिअण्णा सायकलवरून येत आणि घरोघरचे डबे आपल्या पिशवीत रिकामे करून नेत. ते तांदूळ पुढे कुणाच्या चुलीवर चढतात, हे देणाऱ्याने विचारायचे नाही आणि नेणाऱ्याने सांगायचे नाही. भागीरथीबाईंनी तर मरणाच्या आदल्या दिवशी सुनेला जवळ बोलावून खोल आवाजात विचारले होते, "मूठ काढलीस ना ग?" मुलाची चौकशी नाही, नातीची नाही, मुठीची! शालनला त्या दुःखातही जरा हसू आले होते.

पण तेव्हा पिंप भरलेले असे. आता आषाढापासून नरसिंहरावांच्या कारखान्याला कुलूप होते. एकोणीस वर्षे त्यांनी तिथे लेथ चालवला, आणि त्या एक्याण्णव साली देशापाशीच परदेशी चलन उरले नाही म्हणून बाहेरून येणारा माल येईना. माल नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून मालकाने फाटकावर नोटीस चिकटवली. देशाचे सोने विमानात भरून परदेशी गहाण ठेवल्याची बातमी आली त्या दिवशी नरसिंहरावांनी पेपरची चार वेळा घडी घातली.

"देशानं काय ते करावं," ते म्हणाले. "ह्या घरानं आजवर दिलंय. घेतलं नाही कधी."

चुलतभाऊ पद्माकर चिकपेटेच्या बाजारातल्या आपल्या शिवणाच्या दुकानात कटिंगला बसायला बोलावून गेला, त्यालाही त्यांनी हेच ऐकवले. शिवण आणि कापडरंगाई हे घराण्यातले धंदे, हात लहानपणापासून कात्रीला सरावलेला; पण पद्माकरने दया केली, एवढेच त्यांच्या मनाने घेतले. मोडेन पण वाकणार नाही, ही जात. आणि वाकायचे नाही म्हणजे किती दिवस, हे पिंपाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. पिंपाखेरीज आणि शालनखेरीज.

"अक्का, डबा आणता ना?" हरिअण्णांनी उंबऱ्याबाहेरून हाक दिली.

सत्तरीचे गृहस्थ. धोतर, काळी टोपी, पायात टायरच्या चपला. डबा रिकामा करताना ते कधीच डब्यात बघत नसत. आजही त्यांनी मान वळवून वठारातल्या सहा घरांच्या मिळून एकाच असलेल्या नळाकडे बघत डबा पालथा केला. तांदूळ पडल्याचा आवाज झाला न झाला.

"ह्या वेळी स्वल्प कमी आहेत अण्णा," शालन म्हणाली. तिचे कान तापले होते.

"मी कुठं बघतो अक्का? माझे डोळे गेलेत केव्हाचे."

हेच हरिअण्णा लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचून दाखवीत. त्यांनी पाणी मागितले. ती आत गेली, तांब्या घेऊन आली. पाणी पिताना त्यांची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली, आणि पिंपाचे झाकण उघडेच राहिल्याचे तिला तेव्हा आठवले. हरिअण्णांनी तोंड पुसले, सायकलपाशी गेले आणि एक मोठी, तोंड शिवलेली पिशवी उचलून पडवीत आणून ठेवली.

"एवढी इथं राहू दे. मागचं चाक बसतंय. उद्या सकाळी येऊन नेतो."

"सरी अण्णा, बरं. राहू दे की."

दुसऱ्या दिवशी हरिअण्णा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

नरसिंहराव रोज सकाळी कारखान्याच्या फाटकावर जात. तिथे बाकीच्या कामगारांबरोबर दुपारपर्यंत बसत आणि उन्हातून चालत घरी येत. आल्यावर चपला काढायच्या आधी ते पिशवीकडे बघत.

"अजून नेली नाही?"

"नाही."

"दुसऱ्याची ठेव आहे. हात लावायचा नाही कुणी."

हात कोण लावतेय! पण त्यांनी पिशवी पडवीतून आत आणली, ओल लागू नये म्हणून पाटावर ठेवली, मुंग्या येऊ नयेत म्हणून पाटाभोवती हळदीची जाड रेघ ओढली. सकाळी उठून ती रेघ ते तपासत. इकडे पातेल्यातल्या भातात पाणी वाढत गेले आणि भाताची पेज झाली. रात्री नाचणीची आंबील. दहावीतली पवित्रा पेजेचा वाडगा हातात घेऊन त्या पिशवीकडे बघत बसे.

"आई, अप्पा त्या पिशवीला आपल्यापेक्षा जास्त जपतात," एकदा ती म्हणाली.

शालनने तिला दटावले. दटावताना आपल्यालाही हेच म्हणायचे होते, हे तिला कळले. पिशवीशेजारून जाताना ती पदर आवरून जाई. उपाशी माणसाने अन्नाची राखण करावी आणि तीही इतक्या इमानाने, ह्याची तिला कधी चीड येई, कधी अभिमान वाटे. पितळी डबा एकादशीपासून रिकामाच होता. त्यात टाकायला मूठ निघतच नव्हती.

सातव्या दिवशी पिंप आडवे करून झाडूनही वाटीभर तांदूळ निघाले नाहीत. नरसिंहराव फाटकावर गेले, पवित्रा शाळेत गेली, आणि शालनने चप्पल पायात सरकवून मंदिराची वाट धरली. पिशवी तरी एकदाची घेऊन जा म्हणावे. डोळ्यांसमोरून हलली म्हणजे सुटलो.

मंदिराच्या मागच्या खोलीत राजलक्ष्मी अक्का वाती वळत बसल्या होत्या. समाजाच्या धान्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. शालनने उभ्या उभ्याच सांगून टाकले.

"अक्का, हरिअण्णा आमच्याकडे एक पिशवी विसरलेत. सात दिवस झाले. आम्ही तशीच ठेवलीय, कुणी हात लावला नाही."

राजलक्ष्मी अक्कांचा हात मांडीवर थांबला. त्यांनी वर बघितले.

"सात दिवस?"

"हो."

"उघडलीसुद्धा नाही?"

"दुसऱ्याची ठेव कशी उघडायची अक्का?"

अक्कांनी एक लांब श्वास सोडला. पुन्हा कापूस ओढून वात वळायला घेतली. बोलताना त्यांनी मान वर केली नाही.

"कसली पिशवी? इथं सगळ्या पिशव्या आहेत. एकही कमी नाही."

"अहो, मोठी. तोंड शिवलेली…"

"हरिअण्णांना विसर पडतो शालन. चाळीस वर्षं झाली, पडतोच. वर्षातून दोन-तीनदा कुठं ना कुठं पिशवी राहते त्यांची. आम्ही विचारत नाही, कुठं राहिली. ज्यांच्याकडे राहते तेही विचारत नाहीत." त्यांनी वळलेली वात ताटात ठेवली. "तूच पहिली बाई, पिशवी परत द्यायला आलेली!"

शालन खांबाला धरून उभी राहिली. आधी तिला वाटले, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावे. हरिअण्णांनी पिंप बघितले होते. म्हणजे सगळ्यांना कळले. पण अक्का तर तिच्याकडे बघतही नव्हत्या. कापसातली सरकी वेचून बाजूला टाकत होत्या. कळले असेल तर ह्या दोन माणसांना, आणि ह्या दोघांच्या तोंडातून ते उभ्या जन्मात बाहेर पडणार नव्हते. शालनच्या डोळ्यांना पाणी आले आणि ते तिने अडवले नाही. किती दिवसांनी कुणीतरी तिच्या डोक्यावरचे ओझे, काही न विचारता, उतरवून घेतले होते.

"येते अक्का," ती म्हणाली.

"ये. आणि हरिअण्णा भेटले तर म्हणू नकोस हो काही. म्हातारा लाजतो."

घरी येऊन तिने पिशवीचा टाका उसवला. आत दहा घरचे तांदूळ होते. रेशनचे जाडे, लग्नात काढतात तसले बारीक, कुणाचे लालसर उकडे, कुणी जुने जपलेले, त्यात वाळका कडुनिंबाचा पाला. ओंजळीत घेऊन ती बघत राहिली. त्याआधीच्या एकादशीला दिलेले तिचे स्वतःचे तांदूळही ह्यातच कुठेतरी असायचे. तिने सगळे पिंपात ओतले, पिशवी घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवली आणि पाट उचलून भिंतीला उभा केला. मग पातेले चढवले. कितीतरी दिवसांनी पुरेसे तांदूळ घालून.

दुपारी नरसिंहराव आले. सवयीने त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"हरिअण्णा येऊन घेऊन गेले," शालन पाठ फिरवून म्हणाली.

"चला. सुटलो एका जबाबदारीतून."

हातपाय धुऊन ते ताटावर बसले. वाफाळता भात बघून त्यांच्या भुवया उंचावल्या.

"आठव्या क्रॉसच्या गल्लीत नवीन दुकान निघालंय," विचारायच्या आत शालननेच सांगितले. "मिसळीचे तांदूळ. अगदी स्वस्त देतात."

त्यांनी भातात आळे केले. सार घालून पहिला घास घेतला. निरनिराळे तांदूळ एकत्र शिजले होते. एक शीत लोण्यासारखे मऊ, दुसरे दाताखाली येणारे. त्यांनी तो घास सावकाश चावला. दुसरा घेतला आणि थांबले.

"हा भात मी खाल्लाय," ते म्हणाले.

"कुठं?"

"इथंच. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांची कापड रंगवायची भट्टी बंद पडली होती. सहा महिने घरी होते ते, कुणाशी बोलत नसत. तेव्हा आई असा भात करायची. एक शीत मऊ, एक कडक." त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "मला आवडायचा. मोठा झाल्यावर किती वेळा म्हटलं तिला, तसा भात कर. म्हणायची, ते तांदूळ आता मिळत नाहीत."

भातवाढी शालनच्या हातात होती. ती हलली नाही.

"कुठून आणायच्या सासूबाई?"

"नवीन दुकान निघालंय म्हणायची…"

वाक्य तोंडातून निघून गेले आणि मग ते त्यांनी ऐकले. बाहेर नळावर कुणाची तरी घागर भरत होती, तिचा आवाज बारीक होत गेला. नरसिंहरावांनी मान वळवून कोपऱ्याकडे बघितले. पाट भिंतीला टेकलेला होता. जमिनीवर हळदीची चौकोनी रेघ तेवढी होती, आणि आत काही नव्हते. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.  आता ताट सरकवतील, उठतील, असे शालनला वाटत होते.

त्यांनी ताटातला भात बोटांनी गोळा केला. खाली मान घालून, एकही शीत न टाकता, सगळा संपवला.

"अजून थोडा वाढ," ते म्हणाले.

शालनने वाढला. मरणाच्या आदल्या दिवशी विचारलेला तो प्रश्न तिला आठवला, आणि तेव्हा आलेल्या हसण्याची लाज वाटली. सासूबाईंनी तीस वर्षे एक गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती, आणि त्या तीस वर्षांत एक दिवस मूठ चुकवली नव्हती. झाकली मूठ म्हणतात ती अशी. शालनने मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा शेजारचे अंथरूण घडी केलेले होते. नरसिंहराव इतक्या सकाळी फाटकावर जात नसत. पवित्रा वेणी घालत होती.

"अप्पा पद्माकरकाकांच्या दुकानात गेले," ती म्हणाली. "आजीची कात्री मागत होते, मी ट्रंकेतून काढून दिली. चिडलेले नव्हते ग, उलट कात्रीला तेल लावून घेतलं त्यांनी."

शालन स्वयंपाकघरात गेली. पिंपातून तिने भाताचे तांदूळ काढले. आठ दिवसांनी आज मूठ काढायची होती. फळीखालचा पितळी डबा तिने उचलला, आणि तो तिला जड लागला.

झाकण काढले. तळाशी तांदूळ होते. जाडे, बारीक, लालसर, सगळे मिसळलेले. एकच मूठ, पण तिच्या दोन मुठी मावतील एवढी.

तिने फळीवरच्या विठोबाकडे सरळ बघितले. मग आपली मूठ भरली, बोटे सैल न करता डब्यावर नेली आणि त्याच तांदळांवर रिकामी केली. हरिअण्णा यायला अजून आठवडा होता.