एका निगेटिव्हची जुळी

मी एन्लार्जर बोलतोय. बोलतोय खरा, पण आयुष्यभर मान खाली घालून कागदाकडे बघत आलो, त्यामुळे माणसांबद्दल माझा गोंधळच जास्त आहे. निगेटिव्हमधला इवलासा चेहरा मोठा करून कागदावर उतरवायचा, एवढंच माझं काम. जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. कळू लागलं तेव्हा मी इसेयीन गावात, लासिसीमामाच्या स्टुडिओत होतो.

मामाचा हात पक्का. पण त्याच्या हातून निघालेला प्रत्येक माणूस नुकताच अंघोळ करून आल्यासारखा उजळ, तुकतुकीत दिसायचा. त्याची भाची आशाके बाजारात हिंडून फोटो काढायची आणि छापायला त्याच्याकडे द्यायची. छापलेला फोटो हातात आला की तिचं तोंड उतरायचं.

“मामा, ही बाई सकाळपासून पामतेल गाळत होती. तुमच्या फोटोत तर लग्नाला निघालीय!”

“मग बिघडलं कुठं? विचार तिलाच, आवडतंय का ते.”

मला दोघांचंही पटायचं. चेहरा तोच, दिवा तोच. मग त्यातली खरी बाई कोणती?

शेवटी आशाके हट्टालाच पेटली. माझे फोटो मीच छापणार म्हणाली. मामानं तिला सगळं शिकवलं आणि वर अट घातली, “जुळ्यांचा फोटो छापून दाखव. जमला तर डार्करूमची किल्ली तुझी. नाही जमला, तर पुन्हा या यंत्राला हात लावायचा नाही.”

जुळ्यांचा फोटो म्हणजे आमच्याकडे जोखमीचं काम. जुळ्यांतलं एक गेलं की उरलेल्याचा फोटो काढतात आणि एकाच कागदावर शेजारी शेजारी दोनदा छापतात. दोघं तंतोतंत सारखे हवेत, नाहीतर गेलेला रुसतो. त्या दिवसांत एका आईनं आपल्या केहिंदेचा फोटो काढून घेतला होता. त्याचा जुळा भाऊ तायवो तापानं गेला होता.

आशाकेनं अर्धा कागद पुठ्ठ्यानं झाकून डावीकडचं पोर उतरवलं. मग निगेटिव्ह उलटी केली, पुठ्ठा सरकवला. तेवढ्यात शेजारची कसावाचे कंद दळायची गिरणी सुरू झाली आणि माझा दिवा मिणमिणला. उजेड कमी पडला की कागदावर चेहरा फिका उतरतो, म्हणून अशा वेळी मामा गिरणी थांबेपर्यंत स्वस्थ बसायचा. आशाके थांबली नाही. दिवा मंदावलेला तिला दिसलाच नाही, की दिसूनही तिनं चालू दिलं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

कागदावर डावीकडे भरलेलं, सावळं पोर आलं. उजवीकडे तेच पोर, पण फिकं, विरत चाललेलं.

“अगं बये! गेलेल्याला असं भुतासारखं दाखवतात?” मामा ओरडला. “फाड ते!”

एवढ्यात केहिंदेची आई दारात. जुळ्यांच्या नावानं वाटायची चवळी घेऊन आली होती. तिनं भांडं खाली ठेवलं आणि ओला कागद हातात घेतला.

“माफ कर बाई,” मामा गडबडला. “पोरगी शिकाऊ आहे. तुझ्या तायवोला पुन्हा नीट छापून देतो.”

“हा कुठला तायवो?” तिनं फिक्या पोरावर बोट ठेवलं. “हा माझा केहिंदे. भाऊ गेल्यापासून घास घेत नाही. गोबरा आहे तो तायवो.” मग आशाकेकडे वळून म्हणाली, “तुला गं कसं कळलं? राहू दे हा असाच. पोर अंगानं भरलं की पुन्हा आणीन. तेव्हा दोघं सारखे छाप.”

मामानं गुपचूप डार्करूमची किल्ली आशाकेपुढे ठेवली.

पुढे आशाकेनं घामेजलेले, काळेभोर, दमलेले चेहरे जसेच्या तसे छापले. रस्त्यापलीकडूनही लोक ओळखायचे, ही आशाकेची छपाई. आता मी कोपऱ्यात पडून आहे. माझ्या भिंगावर बुरशी धरलीय. मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला, पण आधी एक कोडं सोडवा.

केहिंदे खरंच गोबरा होऊन आला. आशाकेनं या वेळी दोघं इतके सारखे उतरवले की मलाही फरक कळेना. माझ्यातून दोन्ही वेळा एकच पोर गेलं होतं. तरी आईनं फोटो हातात घेतला आणि क्षणभरही न अडखळता आधी ‘तायवो’ म्हणत एकाचा मुका घेतला, मग ‘केहिंदे’ म्हणत दुसऱ्याचा.