हिरव्याचं कारण

ब्रशच्या केसांत अडकलेला तो हिरवा धागा, बोटभर लांब, ओल्या रेशमासारखा, कमलाकांतांनी उजेडात धरला, आणि आपल्याला याचा राग यायला हवा, तो येत नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं. हिरवा सुरेखच होता. पण रोज सकाळी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने प्रवाळावरचं शेवाळ खरवडायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते तिथेच, तसंच, दाटलेलं... सात महिने. आता पुरे.

नऊ फुटांची टाकी, दीड हजार लिटर खारं पाणी. तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासून ते निवृत्त झाले आणि पालघरजवळच्या माहीमच्या घराच्या ओटीवर त्यांनी ही टाकी बसवली, तेव्हा त्यांची बायको सुलू एवढंच म्हणाली होती, “समुद्र दहा मिनिटांवर हाय. घरात आणखी एक कशाला?” इथला समुद्र मातकट, हात बुडवला तर मनगट दिसत नाही. आणि आयुष्यभर आपण काचेच्या नळीत पाणी पाहिलं ते त्यात काय मिसळलंय हे शोधायला. एकदा तरी त्यात काय जगतंय ते पाहावं — हे कुणाला कसं सांगायचं?

जांभळी, गुलाबी प्रवाळं वाढली. मग हे शेवाळ आलं. खाणं जास्त झालं की ते कुजून पाण्यात फॉस्फेट वाढतं आणि शेवाळ माजतं, एवढं त्यांना कळत होतं. नळीत तपासणीचे थेंब टाकले की पाणी गडद निळं व्हायचं, म्हणजे फॉस्फेट भरपूर. त्यांनी मीठ बदललं, गाळणी बदलली, दिवे कमी केले, माशांचं खाणं चिमटीने मोजून दिलं. निळा तसाच. काल त्यांनी बोईसरच्या दर्पणला फोन केला. त्याच्याकडेही अशीच टाकी होती. रविवारी टेम्पो आणून तो सगळं घेऊन जाणार होता. सुलूला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता “बरं” म्हणाली. नुसतं बरं! पाच वर्षांत ती कधी टाकीसमोर दोन मिनिटं उभी राहिली नव्हती...

तरी दुपारी ते पालघरला निघालेच. फॉस्फेट शोषणारी पावडर मागवली होती, तिचं पार्सल तिथल्या कुरियरच्या कचेरीत आलं होतं. टाकीच जायची तर पावडर कशाला, असं मन विचारत होतं, पण पाय चालत होते. रिक्षाच्या नाक्यावर खिसा चाचपला — मोबाईल घरीच. ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल कोण देणार? ते मागे फिरले, आणि ऊन चुकवायला वाडीतून, चिकूंच्या सावलीतून, मागच्या दाराने घरात, ओटीच्या दारापर्यंत आले.

ओटीवर कुणीतरी बोलत होतं.

“हळू गो बाय, हळू. तुझंच हाय सगळं.”

सुलू टाकीसमोर स्टुलावर चढली होती. हातात वाटी, वाटीत करंदी, ती छोटी कोलंबी, सोलून बारीक चिरलेली. ती चिमूट चिमूट पाण्यात सोडत होती आणि तो पिवळा मासा, जो कमलाकांतांची सावली पडली तरी दगडामागे पळायचा, तिच्या बोटांना तोंड लावत होता.

“रविवारी जानार म्हने तू, हळदी. बोईसरला. तिथं करंदी देल का कोन तुला?”

हळदी! माशाला नाव होतं. आपल्या घरात, आपल्या टाकीत, आपल्याला ठाऊक नसलेलं नाव... आणि रोज एवढी करंदी, म्हणजे फॉस्फेट, म्हणजे तो निळा, तो हिरवा... सगळं एका क्षणात जुळलं, आणि अलीकडे कालवणात करंदी शोधावी का लागते तेही. त्यांना हसू फुटलं. ते दाबताना खांदे हलले, कोपर दाराला लागलं.

सुलू स्टुलावरून उतरली. वाटी पदराआड गेली.

“काय इसरलात?”

“मोबाईल.”

“मग घ्या की. दारात का उभे?”

तिचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखा लाल झाला होता. लग्नानंतर केळव्याच्या जत्रेत असा झाला होता, त्यानंतर आज. त्यांना वाटलं, सांगावं... अगं, तूच. तुझ्या या हातानेच. पण मग ती कधीच स्टुलावर चढणार नाही. आणि न सांगावं तर शेवाळ प्रवाळं गिळून टाकील. अर्धी वाटी दे म्हणावं? रोज नको, एक दिवसाआड?

“सुलू.”

“काय?”

“त्या पिवळ्याला शेपटीजवळ एक पांढरा ठिपका आहे, पाहिलास?”

“ठिपका नाय तो,” ती पटकन म्हणाली, “काटा हाय. रागावली की बाहेर काढते.” आणि मग स्वतःच दचकून तिने वाटी पदराआड आणखी आत सरकवली.

मोबाईल घेऊन ते रस्त्याला लागले. दर्पणचा नंबर उघडला, पुन्हा बंद केला; काय सांगायचं ते ठरत नव्हतं. बत्तीस वर्षं दोष सापडला की त्यांनी तो नोंदवला होता, खाली सही केली होती. आज सापडला होता, स्वच्छ, निःसंशय, आणि तो कुणालाही दाखवू नये, नुसता जवळ बाळगावा असं वाटत होतं... चालता चालता त्यांना आठवेना की आपण निघालो कुठे होतो, आणि त्या न आठवण्याचंही त्यांना नवल वाटलं नाही. मघाचं ते दाबलेलं हसू आता पोटातून वर वर येत होतं, आणि भर उन्हात, एकटेच, ते त्याला वाट देत राहिले.